ज्याच्या हाती टोकन

[काळी टर्मिनल खिडकी. कर्सर लुकलुकतोय.]

बॉट, म्हणजे मेसेजना आपोआप उत्तर देणारं खातं, जन्माला घालायला कोडची एक ओळही लागत नाही. टेलिग्रामने २०१५ साली बॉटसाठी दार उघडलं, तेव्हापासून रीत तीच. बॉटफादर नावाच्या खात्याला 'स्लॅश न्यूबॉट' असा मेसेज टाकायचा. हा बॉटफादर स्वतःही एक बॉटच. तो आधी नाव विचारतो, मग युजरनेम, आणि युजरनेमच्या शेवटी 'बॉट' हवंच, हा त्याचा हट्ट. तेवढं जमलं की एक लांबलचक ओळ हातात ठेवतो. टोकन.

[त्या ओळीवर कॅमेरा. शेवटची अक्षरं झाकलेली.]

आधी आकडे, मग कोलन, मग अक्षरांची न वाचता येणारी माळ. कोलनच्या अलीकडचा आकडा हा बॉटचा आयडी. तो लपवायची गरज नाही. गुपित आहे ते पलीकडचं. इथे पासवर्ड नाही, ओटीपी नाही. प्रत्येक रिक्वेस्टच्या पत्त्यातच हे टोकन जातं आणि सर्व्हर तेवढ्यावर भरवसा ठेवतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

म्हणून टोकन कोडमध्ये लिहायचं नाही. ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडच्या बाहेर, सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ठेवायचं. हे आज शहाणपणाने सांगतोय खरं, पण माझ्या पहिल्या बॉटचं टोकन मी थेट कोडमध्येच चिकटवलं होतं. लक्षात आल्यावर ओळ खोडली, नवा कमिट केला, म्हणजे बदलाची नोंद केली, आणि निवांत झोपलो. कोडच्या या नोंदी ठेवणारं गिट मात्र काही विसरत नाही. जुन्या कमिटमध्ये टोकन जसंच्या तसं होतं! मग बॉटफादरला 'स्लॅश रिव्होक' म्हणालो. नवं टोकन आलं, जुनं निकामी झालं.

[कोड चालतो.]

सर्व्हरला पहिली हाक 'गेट-मी'. म्हणजे, मी कोण? टोकन बरोबर असेल तर उत्तरात बॉटचं नाव येतं आणि आयडीही, तोच कोलनच्या अलीकडचा. कॉपी करताना शेवटचं एक अक्षर सुटलं, तर एरर ४०१, म्हणजे ओळख पटली नाही.

मग 'गेट-अपडेट्स', म्हणजे आलेले मेसेज उचलणं. प्रत्येक अपडेटला नंबर असतो. शेवटच्या नंबरात एक मिळवून तो ऑफसेट म्हणून पाठवला, तरच सर्व्हरला कळतं की आधीचं पोचलं. हे राहिलं की बॉट एकाच 'नमस्कार'ला पुन्हा पुन्हा नमस्कार करत सुटतो. बॉट बंद पडला तर न उचललेले मेसेज सर्व्हर जास्तीत जास्त २४ तास सांभाळतो. आणि तोच बॉट दोन खिडक्यांत चालू राहिला, तर एरर ४०९, म्हणजे दोघांची टक्कर.

[मोबाइलचा स्क्रीन. खाली 'स्टार्ट'चं बटण.]

बॉटला स्वतःहून कुणाशी बोलणं सुरू करता येत नाही. आधी माणसाने बटण दाबायचं.

दाबलं.

[टर्मिनलमध्ये एक ओळ उमटते: स्लॅश स्टार्ट.]