एका दिवसाची वीज

श्रोतेहो, नमस्कार.

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची वीज पहिल्यांदा बांगलादेशात पोचली आणि त्याच दिवशी बंदही झाली! विक्रीचा हंगाम १५ जून ते १५ नोव्हेंबर असा ठरलेला. सोपस्कार उरकेपर्यंत त्यातला शेवटचा दिवस उजाडला होता.

वीज किती? ४० मेगावॉट. आपल्या कोयनेच्या जवळपास दोन हजार मेगावॉटपुढे चिमूटभरच. मग कौतुक कशाचं? तर मध्ये तिसरा देश आहे, आपला. सिलिगुडीजवळ नेपाळ आणि बांगलादेश यांच्यात जेमतेम वीस-बावीस किलोमीटरची पट्टी. पण वीज त्या वाटेनं जात नाही. नेपाळातल्या ढल्केबरहून ती बिहारात मुझफ्फरपूरला उतरते आणि पार पश्चिम बंगालातल्या बहरामपूरहून पलीकडे भेडामाऱ्याला निघते.

खरं तर तीच वीज जाते असंही नाही. मनीऑर्डर आठवा. गिरणगावातल्या चाकरमान्यानं पोस्टाच्या खिडकीत सरकवलेली नोट काही कोकणात आईच्या हातात पडत नसे. पोस्टमन दुसरीच मोजून द्यायचा. हिशेब जुळला की झालं. इथला हिशेब मुझफ्फरपूरच्या मीटरवर, युनिटला ६.४ अमेरिकी सेंट.

तारा होत्याच. भेडामाऱ्याची जोडणी २०१३ची. अडलं होतं ते कागदावर. आपल्या तारांवरून दोन शेजाऱ्यांनी आपसात व्यवहार करायचा, याला वाट दिली भारताच्या २०१८च्या नियमांनी. तरी काठमांडूत तिघांच्या सह्या व्हायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडला. शिवाय भारताची एक अट आहेच: ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार, तिथली वीज नको. नेपाळला ती खुपते. मला विचाराल तर त्यांचं अगदीच चुकत नाही. प्रकल्प उभा राहिल्यावर कंत्राटदार कसा बदलणार?

आणि हंगाम कशासाठी? नेपाळात पाणी साठवणारी धरणं फार थोडी. नदी वाहील तेवढीच वीज. पावसाळ्यात ती उतू जाते, थंडीत नद्या आटतात. २००९च्या सुमारास तिथं दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन होतं.

२०२५च्या १५ जूनला बांगलादेशला जाणारी वीज पुन्हा सुरू झाली. आणि कडाक्याची थंडी पडली, की ढल्केबरच्या त्याच तारांतून वीज उलटी वाहते, मुझफ्फरपूरहून नेपाळकडे.