चोवीस प्लॉट, गंधकाच्या सहा मात्रा

[दृश्य: पाळी घालून तयार केलेलं काळं रान. दोरी, टेप, खुंट्या.]

सोयाबीनला हेक्टरी किती गंधक द्यावं, एवढाच प्रश्न आहे. मात्रा सहा: ०, १०, २०, ३०, ४० आणि ५० किलो. प्रत्येक मात्रा चारदा द्यायची, म्हणजे रिप्लिकेशन ४ आणि प्लॉट २४. रचना आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन): रानाचे चार ब्लॉक पाडायचे आणि प्रत्येकात सहाही मात्रा एकेकदा.

रानाला उतार आहे. वरच्या अंगाला माती उथळ, खाली भारी आणि ओल धरणारी. म्हणून प्रत्येक ब्लॉक उताराला आडवा पाडायचा, म्हणजे त्यातले सहाही प्लॉट एकाच पातळीवर येतात. वरखालचा फरक ब्लॉका-ब्लॉकांत जातो आणि विश्लेषणात वेगळा काढता येतो. ब्लॉक उताराच्या दिशेनं उभे पाडले, तर तोच फरक एररमध्ये, म्हणजे कारण न सापडलेल्या चढउतारात, जाऊन बसतो.

कोणत्या प्लॉटला कोणती मात्रा, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि प्रत्येक ब्लॉकसाठी चिठ्ठ्या नव्यानं टाकाव्या लागतात. एकदाच टाकून तोच क्रम चारही ठिकाणी उतरवला, की अमुक मात्रेला कायम तोच शेजार मिळतो. संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात आले आणि शेतातल्या प्रयोगांना त्यांनी ही शिस्त लावली. आपल्याकडे ती कृषी पदवीधरांच्या हाती आली ती मुख्यतः पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांच्या पुस्तकामुळे. त्यातले सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे.

[दृश्य: तराजू, कागदी पुड्या, पुड्यांवर प्लॉटचे नंबर.]

प्लॉट ३.६ बाय ५ मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर. ४५ सेंटिमीटरवर ८ ओळी. हेक्टरी १० किलो म्हणजे चौरस मीटरला १ ग्रॅम, म्हणून प्लॉटला १८ ग्रॅम गंधक. बेंटोनाइट गंधक ९० टक्क्यांचं असेल तर पुडी २० ग्रॅमची. पुढच्या पुड्या ४०, ६०, ८०, १०० ग्रॅमच्या. त्या घरीच वजन करून न्याव्यात. वाऱ्यात तराजू स्थिर राहत नाही.

खरा घात होतो तो स्फुरदामुळे. हेक्टरी ६० किलो स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं, तर ३७५ किलो खत पडतं, आणि त्याच्याबरोबर सुमारे ४१ किलो गंधक सगळ्या प्लॉटना मिळतं. शून्याचा प्लॉट मग शून्याचा राहिलाच नाही! इथं स्फुरद डीएपीतून (डायअमोनियम फॉस्फेट, यात गंधक नसतं) द्यायचं, आणि त्यातलं नत्र धरून युरियाचा हिशोब करायचा.

[दृश्य: काढणी. कडेच्या ओळी आधी कापून बाजूला.]

दोन्ही कडांची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडायचा. उरतो २.७ बाय ४ मीटर, १०.८ चौरस मीटरचा नेट प्लॉट. मळणीनंतर इथल्या १०० ग्रॅमच्या चुकीचे हेक्टरी ९३ किलो होतात. दाण्यातली ओल मोजून सगळी वजनं एकाच ओलीवर आणायची. १६ टक्के ओलीचे २.४ किलो दाणे १२ टक्क्यांवर २.२९ किलोच भरतात.

एका प्लॉटमधली पाच झाडं मोजली म्हणून पाच रिप्लिकेशन होत नाहीत. मात्रा प्लॉटला दिली, झाडाला नाही. म्हणून पाचांची सरासरी हा एकच आकडा. हे प्रबंधांतसुद्धा चुकलेलं दिसतं.

एखादा प्लॉट डुकरांनी खाल्ला तर संख्याशास्त्रज्ञ येट्स यांच्या सूत्रानं त्याचा आकडा भरता येतो. त्यातून नवी माहिती मात्र येत नाही, म्हणून एररचे स्वातंत्र्यांश, म्हणजे त्याच्या अंदाजामागची स्वतंत्र माहिती, १५ वरून १४ करायचे.

[दृश्य: एनोव्हाचा, म्हणजे उत्पादनातल्या चढउताराची कारणांप्रमाणे वाटणी दाखवणारा, तक्ता.]

समजा, सरासरी उत्पादन हेक्टरी २० क्विंटल आणि एररचा मीन स्क्वेअर, म्हणजे त्या चढउताराचं माप, २.४ आला. सीव्ही, म्हणजे सरासरीच्या तुलनेत एररचा चढउतार, ७.७ टक्के; शेतातल्या प्रयोगाला चांगलाच. ५ टक्के पातळीवर टी-तक्त्यातली किंमत २.१३१, त्यावरून सीडी, म्हणजे दोन मात्रांतला फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर, २.३३ क्विंटल. ती निम्मी करायची तर रिप्लिकेशन जवळजवळ चौपट लागतील. रानच नीट निवडलेलं बरं.

पण सहा मात्रांच्या जोड्या १५ होतात, आणि प्रत्येक जोडीला सीडी लावत बसणं इथं चुकीचं आहे. वाणांची तुलना असती तर वेगळं. या तर एकाच पट्टीवरच्या मात्रा. मात्रांच्या ५ स्वातंत्र्यांशांतला एक सरळ रेषेला, एक वक्राला द्यायचा, उरलेल्या तिनांतून वक्र बसतो का ते पाहायचं. बसला, तर शिफारस वक्राच्या शिखराची करू नये. आणखी एका किलो गंधकाची किंमत जिथं वाढीव सोयाबीनच्या किमतीइतकी होते, ती मात्रा शिखराच्या अलीकडेच सापडते.