हात रिकामा हवा

(गुहागर तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानातून)

मंडळी, माझ्या पँटी नेहमी डाव्या मांडीवर विरतात. आमचा शिंपी शिवतानाच तिथे आतून दुहेरी कापड लावतो, त्याला सांगावं लागत नाही. मी दोन वर्षांचा असताना ताप आला आणि डाव्या पायावरून वारं गेलं. घरात तसंच म्हणायचे. पोलिओ हा शब्द मला शाळेत कळला. मांडीचा पुढचा स्नायू गेला की गुडघा आपणहून ताठ राहत नाही, दर पावलाला हाताने मांडी मागे रेटावी लागते. म्हणजे माझं चालणं पायापेक्षा हातावर जास्त आहे.

गेल्या श्रावणात मी पडलो. कुठे? सगळ्यांना वाटलं पाखाडीवर. चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं ना! पण तिथे मी चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, असा देवाचं नाव घेत जातो. पडलो माजघरात, दुपारी तीनच्या सुमाराला, कोरड्या लादीवर. उजव्या हातात चहाचा कप, डाव्या हातात बशी, बशीत दोन पातोळ्या. मांडी धरायला हात उरला नाही आणि गुडघा बिजागरीसारखा मिटला. मोडलं ते डावं मनगट. माझा पायच प्लास्टरमध्ये गेला म्हणा! सहा आठवडे मी पडवीत बसून होतो. त्या बसण्याने उरलेली ताकदही गेली, ती सगळी काही परत आलेली नाही.

येणारा-जाणारा म्हणे, "सांभाळून चालत जा हो." साठ वर्षं दुसरं काय करतोय?

नेदरलँड्समध्ये पोलिओ होऊन गेलेल्यांची एक पाहणी झाली, 2010 साली ती छापून आली. त्यात 74 टक्के लोक वर्षभरात एकदा तरी पडलेले होते. बहुतेक जण ओळखीच्याच जागी, चालताना. आणि जवळजवळ निम्मे दुपारी. वाचून मला हसू आलं. ती माणसं कुठली, आमचं माजघर कुठलं!

दुपारीच का? पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. वाचलेल्या पेशी मेलेल्यांच्या ताब्यातले स्नायूंचे धागे आपल्याकडे घेतात, एकट्या भावाने सगळ्यांचं कुळागर राखावं तशा. पुढे कितीतरी वर्षांनी त्याही थकतात. मग चांगला म्हणवणारा पायही दगा देतो, कारण त्यालाही थोडा पोलिओ होऊन गेलेला असू शकतो. सकाळी ताकद असते, दुपारपर्यंत संपते. म्हणून दमेपर्यंत व्यायाम करू नका. थोडा, थांबत थांबत करा. अधू पायाचं हाड आयुष्यभर कमी भार सोसल्याने विरळ झालेलं असतं, तेही डॉक्टरांकडून तपासून घ्या.

मला एका तरुण डॉक्टरने "वय झालं" म्हणून परत पाठवलं. त्याचा मला राग नाही. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला, 2014 मध्ये भारतासह आग्नेय आशियाचा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याने पोलिओचा पाय बघायचा कुठे? आजार गेला, आम्ही मात्र आहोत.

घरात आम्ही काय केलं? पावसाळ्यात अंगणात झावळ्या अंथरतो, त्या पूर्वीपासूनच. न्हाणीत दांडा बसवला. काठी घ्यायला मी दोन वर्षं लावली, लाज, दुसरं काय! आता ती उजव्या हातात असते, डावा मांडीवर. मग चहा कोण आणणार? गळ्यात पिशवी अडकवली, तिच्यात चष्मा, फोन, पेपर. चहा मात्र पिशवीत बसत नाही.

बाहेर चहा झालाय असं दिसतंय. माझा कप इथेच आणून द्या.