नऊशे अंशांवर वाचलेली काच

नमस्कार, श्रोतेहो. गोष्ट १९५३ सालची, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावची. डोनाल्ड स्टुकी या रसायनशास्त्रज्ञाने चांदीचा अंश असलेली लिथियम सिलिकेटची काच भट्टीत ठेवली. भट्टी ६०० अंश सेल्सिअसवर थांबायची, ती बिघडून ९०० वर गेली. काचेचं पाणी झालं असणार, असं समजून त्यांनी दार उघडलं. पाहतात तर काचेचा पत्रा जसाच्या तसा, फक्त पांढराशुभ्र. बाहेर काढताना तो चिमट्यातून निसटला, फरशीवर ठण्णकन आपटला आणि फुटला नाही!

लोक याला नशीब म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञांनीही काचेच्या बाटल्या वाळू-जिप्समात पुरून खूप वेळ भाजल्या होत्या. स्टुकींच्या काचेसारखे त्यांच्याही काचेत स्फटिक, म्हणजे अणू ठरावीक रांगेत लागलेले कण, धरले, पण ते पृष्ठभागाकडून आत वाढत गेले. बाटल्या वाकल्या, कमकुवत झाल्या.

फरक चांदीने पडला. काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांत गुंतलेले असतात, पण त्यांना ठरावीक रांग नसते. उष्णता मिळाली की ते हलू लागतात, रांगेत यायला बघतात. सुरुवात कुठून करायची, हाच प्रश्न. स्टुकींच्या काचेत चांदीचे अतिसूक्ष्म कण सगळीकडे विखुरलेले होते. प्रत्येकाभोवती स्फटिक वाढला. असंख्य बारीक स्फटिक झाले की तडा सरळ धावू शकत नाही, अडतो, वळतो.

म्हणून आज काच दोन टप्प्यांत तापवतात. आधी कमी तापमानावर बीजं, म्हणजे स्फटिकांची सुरुवात करणारे कण, तयार होऊ देतात, मग तापमान चढवून त्यांच्याभोवती स्फटिक वाढवतात. घाई करून थेट वर नेली, तर थोडेच आणि मोठे स्फटिक होतात.

काही विद्युत शेगड्यांची गुळगुळीत काच अशीच बनते. तिच्यात बीजांसाठी टायटॅनियम आणि झिर्कोनियमची ऑक्साइडं घालतात. तिच्यातले स्फटिक तापल्यावर किंचित आक्रसतात, उरलेली काच प्रसरते, आणि दोन्ही मिळून बेरीज जवळजवळ शून्य. त्यामुळे तापलेल्या शेगडीवर गार पाणी सांडलं तरी ती तडकत नाही.

दाताच्या काही कॅपही याच घराण्यातल्या. लिथियम सिलिकेटचा ठोकळा आधी अर्धवटच स्फटिकवतात. तो निळसर आणि कोरायला सोपा असतो. दाताचा आकार दिला की पुन्हा भट्टीत, साधारण ८५० अंशांवर. तिथे स्फटिकांची जात बदलते, निळा रंग जाऊन दाताचा रंग येतो, आणि मगच ती कॅप चावण्याचा दाब सोसण्याइतकी कणखर होते.