कॅथलिक हायस्कुलातला धर्माचा तास
(परदेशातल्या खान्देशी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

बठासले राम राम.

तुमच्यातले बरेच जण भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेत. 'मॉरल सायन्स' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं ते सांगायला नको: शनिवारचा शेवटचा पीरियड, बाकाखाली उघडलेली गणिताची वही, आणि पुढे बाई वाचताहेत, 'नेहमी खरे बोलावे'. हसू नका, बऱ्याच ठिकाणी अजून तेच चाललंय. मंडळाने विचारलं होतं की आठवी ते दहावीच्या या तासासाठी इथून काय करता येईल. पैशाचं शेवटी बोलू. आधी तास चालतो कसा आणि बिघडतो कुठे, ते पाहू.

या एका तासात दोन कामं कोंबलेली असतात. वर्गात साठ मुलं, त्यात कॅथलिक समजा चार किंवा पाच. त्या चार-पाचांना त्यांची श्रद्धा शिकवायची, ते धर्मशिक्षण. बाकीच्यांना मूल्यशिक्षण. व्हॅटिकनच्या शिक्षणखात्याने १९८८ च्या दस्तऐवजात हा भेद स्वच्छ मांडलाय: शाळा धर्माची ओळख आणि समज देते, श्रद्धेत मुरणं हे घर आणि धर्मग्राम (म्हणजे स्थानिक चर्चची मंडळी, पॅरिश) यांचं काम. आपल्याकडे मात्र जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ मध्ये झालेल्या नाशिक धर्मप्रांतात (एका बिशपच्या हद्दीत), अंतरं लांबलांबची, त्यामुळे धर्मग्रामाचं ओझंही शाळेच्याच गळ्यात येतं. मग कोणीतरी दोन्ही कामं एकाच वर्गात उरकायला जातं. कॅथलिक मुलाला पातळ वरण मिळतं, आणि इतरांच्या घरी शंका जाते की शाळा पोराला बाटवतेय.

म्हणून वेळापत्रकात दोन्ही तास एकाच वेळी, पण दोन खोल्यांत हवेत. आणि संमती लेखी हवी. घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रवेश अर्जाच्या चौथ्या पानावर इंग्रजीत एक ओळ घालून खाली सही घेणं म्हणजे संमती नव्हे. जूनमध्ये वेगळी चिठ्ठी द्या, मराठीत, तीन ओळींची: तास कसला, कधी, आणि मूल बसलं नाही तर त्या वेळात ते काय करील. तिसरी ओळ नेमकी विसरली जाते. मग न बसणारं मूल व्हरांड्यात उभं राहतं आणि सगळ्या शाळेला दिसतं.

आता वेळेचा हिशोब. आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका. कागदावर ३८-४० आठवडे. चाचण्या, सहामाही, दिवाळी, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा वजा करा. २५ तासिका हाती आल्या तरी नशीब. त्यातही खोली बदलण्यात सात मिनिटं जातात. २५ गुणिले २८, म्हणजे ७०० मिनिटं. वर्षाचे पुरते बारा तासही नाहीत! तेवढ्यात पुस्तक 'संपवायला' जाणारा शिक्षक फक्त पुस्तकच संपवतो. आठ विषय घ्या, प्रत्येकाला तीन तासिका: पहिलीत मुलांचा प्रश्न, दुसरीत मूळ वचन, तिसरीत वाद आणि लेखन. अवघड विषय दिवाळीच्या आधी. नंदुरबारकडच्या वसतिगृहांत तर हे फारच गरजेचं, कारण दिवाळीनंतर घरचे लोक ऊसतोडीला निघाले की मुलांची हजेरी विस्कटते.

पहिल्या तासिकेचा प्रश्न मिळवायचा कसा? चौदा वर्षांचं पोर साठ जणांत हात वर करून 'देव आहे कशावरून?' विचारत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या. एका ए-फोर कागदाचे आठ तुकडे होतात, साठ मुलांना आठ कागद पुरतात. प्रत्येकाने लिहायचं, प्रश्न नसेल त्यानेही 'प्रश्न नाही, कारण...' असं निदान एक वाक्य लिहायचं. नाहीतर ज्याचं पेन हललं तो प्रश्नवाला, हे शेजारच्याला लगेच कळतं. पाच मिनिटं, घडी घालून डब्यात. त्याच तासाला डबा उघडायचा नाही. घरी वाचायचं, सारखे प्रश्न एकत्र करायचे, स्वतःच्या अक्षरात उतरवायचे आणि पुढच्या तासाला जास्तीत जास्त तीन घ्यायचे. मूळ चिठ्ठी वर्गात नेऊ नका, अक्षर ओळखलं जातं. उत्तर येत नसेल तर 'पुढच्या आठवड्यात सांगतो' म्हणा, आणि खरंच सांगा. एकदा विसरलात की पुढच्या वेळी डब्यात साठच्या साठ चिठ्ठ्या 'प्रश्न नाही'.

आणि एक वचन कधीही देऊ नका: 'चिठ्ठीतलं कोणालाही कळणार नाही.' एखादीत घरातल्या किंवा शाळेतल्याच कोणाबद्दल भलतंच लिहिलेलं निघू शकतं. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळणाऱ्याने पोलिसांना कळवायलाच हवं, शिक्षकानेही. पापनिवेदनाचं (कन्फेशनचं) गुपित फादरचं असतं, वर्गातल्या चिठ्ठीला ते लागू नाही. हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगायचं, आणि फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ हा बालकांच्या मदतीचा नंबर.

आता दुसरी तासिका, वचनाची. बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. मालक सकाळी मजूर लावतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या ताशी आणखी लावतो, आणि सांजच्याला सगळ्यांना एकच रोज देतो. पहिली गफलत घड्याळाची. मुलं 'अकरावा तास' म्हणजे सकाळचे अकरा समजतात. तास सूर्योदयापासून मोजलेत, म्हणजे तो माणूस संध्याकाळी पाचच्या सुमाराला कामाला लागला. हे फळ्यावर मांडलं नाही तर गोष्टीतली खुन्नसच कळत नाही.

दुसरी गफलत आपल्या मातीतली. खान्देशात कापूसवेचणीची मजुरी किलोवर. वेचणीचं उदाहरण घेतलं की पोरं म्हणतात, 'सर, जास्त वेचलं त्याला जास्त, यात काय विचारायचं?' आणि चर्चा तिथेच मरते. उदाहरण निंदणीचं घ्या, ती रोजाने असते. बारा मुलं मजूर, एक मुकादम, एक मालक. पाच टोळ्या पाच वेळांना आत आणा आणि शेवटी सगळ्यांच्या हातावर सारखी चिठ्ठी ठेवा. सकाळची टोळी भांडायला उठते. उठू द्या. शिक्षकाने पाचव्या मिनिटाला 'देव दयाळू आहे' म्हटलं की तास संपला, चौदा वर्षांचं मूल तिथे कान मिटून घेतं. त्याऐवजी विचारा: सकाळी अड्ड्यावर मुकादम कोणाला मागे ठेवतो? म्हातारा, आजारी, तान्ह्या पोराची आई. ही मुलं ते रोज बघतात. मग सातवी ओवी वाचा... ओवी नव्हे, सातवं वचन, जीभ घसरली. 'आम्हाला कोणी कामावर लावलं नाही.' मालकाने त्यांना उशीर का केला म्हणून झापलं का? वाद यावर घ्या.

रावेर-यावलकडच्या शाळेत चिठ्ठीत हमखास येणारा प्रश्न: वादळाने केळीची बाग आडवी झाली, ही देवाची शिक्षा का? लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेल्याची गोष्ट आहे. ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते? येशूचं उत्तर, 'नाही.' इथे शिक्षकाने पदरचं काही जोडू नये.

खान्देशातला ख्रिस्ती वर्ग एकजिनसी नाही, हे नव्या सिस्टरच्या लक्षात येत नाही. नवापूरच्या बाजूची मुलं प्रोटेस्टंट घरांतली असतात. परीक्षेत विचारलं 'सहावी आज्ञा कोणती?' कॅथलिक मूल लिहितं 'व्यभिचार करू नको', नवापूरचं लिहितं 'खून करू नको', आणि दोघांचंही बरोबर. आज्ञा दहाच, पण लूथरन सोडले तर बहुतेक प्रोटेस्टंट त्या वेगळ्या मोजतात. तसंच येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत. कॅथलिक मूल 'वाइटापासून सोडव'पाशी थांबतं, शेजारचं पुढे 'कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत राहतं आणि सगळे वळून बघतात. जुन्यातल्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मत्तयमध्ये ती ओळ नाही, आणि मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) थोड्या अंतराने कॅथलिकही ती म्हणतातच. दोन मिनिटांचं काम आहे, पण न सांगितलं तर ते मूल वर्षभर हळू आवाजात प्रार्थना म्हणतं.

मूल्यशिक्षणाच्या खोलीतून येणारा प्रश्न: 'मिस्सेत आम्हाला ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) का देत नाहीत?' 'नियम आहे' म्हणून गप्प बसवू नका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खान्देशची देवी, बसते. तिच्या नैवेद्याचे रोट कोण खातं? भाऊबंद. घरी आलेल्या पाहुण्याला जेवण मिळतं, रोट नाही. त्यात पाहुण्याचा अपमान नसतो. खान्देशी पोराला एवढ्यावर अर्ध कळतं. उरलेलं अर्ध मात्र सांगायलाच हवं: रोटाचं नातं रक्ताचं, ख्रिस्तप्रसादाचं बाप्तिस्म्याचं आणि श्रद्धेचं. तुलना तिथे तुटते, आणि कुठे तुटते ते शिकवणं हाच धडा.

सातपुड्यात होळी मोठी, आणि ती बहुतेक वर्षी उपवासकाळात (ईस्टरआधीच्या लेंटमध्ये) येते. २०२४ ला तर होळी आणि झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) एकाच दिवशी, २४ मार्चला. होळीला बावा-बुध्याचं सोंग घेणारे पुरुष पालनी (व्रत) पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, नेम सांभाळतात. उपास म्हणजे काय ते या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त नियम नीट सांगा: मांसवर्ज्य चौदा पूर्ण झाल्यावर, उपास अठरा पूर्ण झाल्यावर. नववीच्या मुलांना उपाशी ठेवणारे उत्साही लोक असतात, म्हणून सांगतोय.

भुसावळात रेल्वेच्या बदल्या. दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची) तयारी अर्धी झाली की बाप बदलून जातो. त्या मुलाच्या हाती शिकवलेल्या विषयांची यादी आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत द्या. दृढीकरणाची नोंद शेवटी बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या वहीत जाते, म्हणून त्या चर्चचं नाव-पत्ता वरतीच लिहा.

आता पैसे. इमारत नको, फळकं नको. हवंय ते मे महिन्यात शिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर, कारण हा तास ज्याचा पीरियड मोकळा त्याच्या माथी मारतात. आणि मराठीतल्या शुभवर्तमानाच्या प्रती, दोघांत एक. पाठवण्याआधी एवढं पाहा: ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय, मग हाती भारतवंशीयांचं ओसीआय कार्ड असो, त्यांची देणगी कायद्याने परदेशी अंशदान ठरते. घेणाऱ्या संस्थेकडे त्या परदेशी अंशदान कायद्याची (एफसीआरए) नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तिथून दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाहीत. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे या कायद्यात येत नाहीत. तेव्हा जेवणाच्या रांगेत दोन वह्या ठेवल्यात, निळ्यात भारतीय पासपोर्टवाले, लालमध्ये बाकीचे. नाव लिहा आणि मग भरीत घ्या.