पन्नास मायक्रॉनची रुंदी

मित्रहो, ऑप्टिकल फायबर म्हटलं की वर्सोव्याच्या किनाऱ्याला येणाऱ्या समुद्राखालच्या केबल डोळ्यांपुढे येतात. मी आज बोलणार आहे तो प्रवास फार तर शंभर मीटरचा. नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या एखाद्या डेटा सेंटरमधल्या रॅकमधून निघायचं आणि चार ओळी पलीकडच्या स्विचमध्ये शिरायचं, एवढाच.

इतक्या जवळ तांबं का चालत नाही? एका लेनवर, म्हणजे डेटाच्या एका स्वतंत्र वाटेवर, सेकंदाला २५ गिगाबिट होते, तेव्हा साध्या तांब्याच्या केबलची मर्यादा ५ मीटर होती. १०० गिगाबिटला ती २ मीटरवर आली. म्हणजे रॅकच्या बाहेर पडायचं तर प्रकाशच हवा.

मग लांब पल्ल्याचीच काच इथेही का वापरू नये? तिचा गाभा, म्हणजे प्रकाश वाहणारा मधला भाग, जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात लेझर नेमका बसवायचा म्हणजे मायक्रॉनच्याही अंशांत जुळवाजुळव, आणि विजेच्या संकेतांचा प्रकाश करणाऱ्या डबीच्या, म्हणजे मॉड्यूलच्या, खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. जवळच्या पल्ल्याच्या, म्हणजे मल्टीमोड, काचेचा गाभा ५० मायक्रॉनचा. इथे नेम थोडा हलला तरी प्रकाश आत जातो. सोबतीला व्हिक्सेल हा लेझर. त्याची कल्पना केनिची इगा यांनी १९७७ साली टोकियोत मांडली. हा चिपच्या कडेतून नाही, पृष्ठभागातून वर प्रकाश फेकतो. त्यामुळे हे लेझर ज्या चकतीवर एकत्र घडवतात ती वेफर कापण्याआधीच त्यावरचा प्रत्येक लेझर तपासता येतो. मला या शोधातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. हजारोंनी लागणारी वस्तू स्वस्त पडते ती अशा गोष्टींमुळे.

पण रुंदीची किंमत मोजावी लागते. रुंद गाभ्यात प्रकाशाला अनेक वाटा मिळतात. कुणी मधून सरळ जातो, कुणी कडेकडेने वळणं घेत जातो. सगळे एकाच वेळी पोचावेत म्हणून काच अशी घडवतात की मध्यभागी अपवर्तनांक जास्त आणि कडेला कमी. अपवर्तनांक कमी तिथे प्रकाश वेगाने जातो, म्हणून लांबच्या वाटेने जाणाऱ्याला कडेला वेग जास्त मिळतो. तरी हिशोब तंतोतंत जुळत नाही, थोडं मागेपुढे होतंच.

आता हे 'मागेपुढे' केव्हा जाचतं ते पाहा. १० गिगाबिटला एक बिट काचेत सुमारे २ सेंटिमीटर लांब असतो. २५ ला ८ मिलिमीटर. १०० गिगाबिटच्या लेनवर प्रकाशाच्या चार पातळ्या वापरून एका ठोक्यात दोन बिट पाठवतात, तरी तो ठोका ४ मिलिमीटरही भरत नाही. शेजारी इतके जवळ आले की जरासा पसारासुद्धा एकमेकांत मिसळतो. म्हणून ओएम३ या प्रकारच्या त्याच मल्टीमोड काचेवर १० गिगाबिटचा पल्ला ३०० मीटर, २५ च्या चार लेन मिळून होणाऱ्या १०० गिगाबिटच्या एसआर४ चा ७०, आणि २०२२ च्या प्रमाणातल्या, १०० च्या चार लेनच्या ४०० गिगाबिट व्हीआर४ चा फक्त ३०. काच तीच, पल्ला एक दशांश.

या ओढाताणीत हाताशी शिल्लक फार थोडी उरते, आणि तीही धुळीमुळे संपते. एमपीओ या अनेक तंतू एकदम जोडणाऱ्या कनेक्टरच्या एकाच तोंडात १२ तंतू ओळीने बसतात. एक कण मध्ये आला तर शेजारच्या तंतूंची तोंडंही नीट टेकत नाहीत. एकदा एका लिंकसाठी मी अर्धी रात्र मॉड्यूल बदलत बसलो होतो. लिंक चालू दिसत होती, कारण चुका दुरुस्त करणारा एफईसी कोड सगळं झाकून घेत होता. दुरुस्तीपूर्वीच्या चुकांचा आकडा पाहिला तेव्हा उलगडा झाला. कनेक्टर सूक्ष्मदर्शकाखाली धरला, पुसला, आणि आकडा खाली आला. तेव्हापासून जोडण्याआधी तोंड पाहिल्याशिवाय मी कनेक्टर लावत नाही, आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही लावू देत नाही.

हे एक मॉड्यूल सोबत आणलं आहे. पहिल्या रांगेपासून हातोहात फिरवा. सोनेरी संपर्कपट्टीला बोट लावू नका आणि पुढचं टोपण काढू नका. कुणाकडून निघालंच, तर परत देताना तेवढं सांगा. मी पुसून ठेवीन.