आजोळचा डोमकावळा

श्रोतेहो, नमस्कार. आज तुम्हाला कॅनडात, व्हँकूवरला नेते. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे. १९४७ साली ते ग्रंथालयाच्या तळघरात सुरू झालं, १९७६ मध्ये समुद्राकाठी स्वतःच्या इमारतीत आलं. जमीन तिथल्या मूळ रहिवासी मस्कीम लोकांची. त्यांनी ती कधीच कुणाला लिहून दिलेली नाही. हे लक्षात ठेवा, जमीन मस्कीम लोकांची. आत उंच कोरीव खांब आहेत, मुखवटे आहेत. पण मला सांगायचंय ते लाकडात कोरलेल्या एका डोमकावळ्याबद्दल.

तो घडवणारा बिल रीड आमच्याच पेशातला, रेडिओवरचा निवेदक. आई हैदा जमातीची, पण घरात त्याचा उच्चार नाही. आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत तिच्या मनावर हेच बिंबवलं होतं. रीड तेविसाव्या वर्षी आजोळी, हैदा ग्वाई बेटांवर गेला. आजोबा चांदीवर नक्षी कोरणारे. पुढे टोरांटोत रेडिओची नोकरी सांभाळून तो दागिने घडवायला शिकला. (आपल्याकडे सोनाराच्या कामाला कलेचा मान देत नाहीत, मला ते फार लागतं. नथीचा फासा वळवून बघावा एकदा!)

तर हैदा लोकांची गोष्ट अशी. महापूर ओसरला होता. डोमकावळ्याचं पोट भरलेलं, पण करमेना. तेवढ्यात किनाऱ्यावरच्या शिंपलीतून कुजबुज ऐकू आली. वाकून बघतो तर आत इवलीशी माणसं, घाबरून बिलगलेली! तो मऊ आवाजात म्हणाला, "या, बाहेर या." एक आलं, मग दुसरं. हीच पहिली हैदा माणसं.

रीडने १९७० मध्ये हा प्रसंग मुठीत मावेल एवढ्या लाकडात कोरला. मग संग्रहालयासाठी मोठा. पिवळ्या सीडर झाडाच्या १०६ तुळया चिकटवून ठोकळा केला. रीडला तेव्हा पार्किन्सनने गाठलेलं, म्हणून सोबतीला तरुण कारागीर. १९८० मध्ये काम पुरं झालं. पंख पसरलेला कावळा, खाली शिंपली. कुणी अर्धवट बाहेर, कुणी पुन्हा आत शिरू पाहतोय. या किनाऱ्यावरच्या आदिवासींचे पॉटलॅच, म्हणजे दानाचे आणि जेवणावळीचे सोहळे, १८८५ ते १९५१ कायद्याने बंद होते, मुखवटे जप्त झाले होते.

कावळा बसलाय दुसऱ्या महायुद्धातल्या तोफेच्या चौथऱ्यावर. भोवती वाळू पसरली आहे. ती व्हँकूवरची नाही, हैदा ग्वाईची. आजोळची वाळू. हैदा मुलांनी आणून घातलेली.